जिभेला चिकटलेलं हाड

मागच्या उन्हाळ्यात प्रताप नगरातल्या माझ्या घरी एक पोरगी आली. पोरगी म्हणजे डॉक्टर आहे, पण औषधं देणारी नव्हे, संशोधन करणारी. पाणी घेतलं, चहा नको म्हणाली, आणि पिशवीतून कापूस गुंडाळलेली एक काडी काढून म्हणाली, "काका, तोंड उघडा."

मी म्हटलं, "बाई, माझ्या दातांची काही तक्रार नाही."

"दात नाही, काका. गालाच्या आतून काडी फिरवायची आहे. तुमचा डीएनए पाहिजे."

मी घाबरलोच. टीव्हीवर डीएनए मागतात तो एक तर खुनाच्या भानगडीत, नाहीतर लेकराचा बाप कोण याच्या. आमची मंडळी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली. हातातली पळी तिनं खाली ठेवली नव्हती.

मग त्या पोरीनं खुलासा केला. आमच्या पुरातत्त्व खात्यानं सत्तरच्या दशकात नागपूरच्या आसपास खोदून काढलेले सांगाडे अजून पेट्यांत पडून आहेत. त्या जुन्या हाडांत मूळ माणसाचा डीएनए काही शिल्लक आहे का, हे ती शोधते. पण ज्या पेटीला हात लावावा तिच्यात एकच माणूस निघायचा, आणि तोही ताजा! "अडीच हजार वर्षांआधीची आठ माणसं, आठांवर एकच जण! रजिस्टर पाहिलं तर सगळीकडे सही तुमची. आता तुमचा नमुना मिळाला की तुम्हाला हिशेबातून वजा करता येईल."

मला जे हसू लोटलं! काहून नाही सापडणार मी? ती हाडं मी धुतली, घासली, जोडली, त्यांच्यावर घाम गाळला, आणि आता लपवण्यात अर्थ नाही, चाटलीसुद्धा.

नाक मुरडू नका. आमच्या धंद्यात ती रीत होती. जमिनीतून पांढरट तुकडा निघाला की तो दगड की हाड हे डोळ्याला कळत नाही. जिभेच्या टोकाला लावायचा. दगड असेल तर सुटतो. जुनं हाड असेल तर चिकटून बसतं, ओढून काढावं लागतं. साहेब लोक इंग्रजीत चर्चा करत बसायचे तोवर मी जीभ लावून निकाल सांगून मोकळा व्हायचो. तीस वर्षांत फक्त दोनदा चुकलो. एकदा ते कुंभाराचं खापर होतं आणि एकदा काय होतं ते मी आजही सांगणार नाही.

हे चिकटणं का होतं? हाड म्हणजे चुना आणि सरस, असं समजा. माणूस जिवंत असताना दोन्ही एकजीव असतात. पुरल्यावर सरस हळूहळू निघून जातो, चुना राहतो, आणि जिथं सरस होता तिथं बारीक बारीक छिद्रं पडतात. ती छिद्रं जिभेचं पाणी ओढून घेतात, म्हणून चिकटतं. ताज्या हाडात सरस भरलेला असतो, ते चिकटत नाही. ते विस्तवावर धरलं तर केस जळाल्यासारखी घाण सुटते. जुनं हाड जळताना काही बोलतच नाही.

आणि डीएनएचं त्या पोरीनं मला असं सांगितलं: तो धागा असतो, लांबच लांब. माणूस मेला की तुटायला लागतो. पाणी तोडतं, जंतू तोडतात, सगळ्यात जास्त उष्णता तोडते. बर्फाच्या देशात तो हजारो वर्षं तग धरतो. आमच्या नागपुरात तर मे महिन्यात जिवंत माणूस तग धरत नाही, धाग्याचं काय घेऊन बसलात! त्यातून आमची काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तरी काही तुकडे हाडातल्या चुन्याला घट्ट धरून राहतात. कानामागे, कवटीच्या आत एक गच्च हाड असतं, दगडासारखं, त्यात वाचतात. दातांच्या मुळाशी वाचतात. "फक्त काका," ती म्हणाली, "हाड धुवायला नको होतं. उन्हात वाळवायला नको होतं. वर रसायन चोपडायला तर अजिबातच नको होतं."

म्हणजे मी तीस वर्षं जे जे निगुतीनं केलं, ते ते सगळं नको होतं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आमचं सामानच तेवढं होतं, पाणी, ब्रश आणि हाडाचा भुगा होऊ नये म्हणून चोपडायच्या रसायनाचा डबा. पुढं कोणी त्या हाडाच्या आत वाचायला बसेल हे आम्हाला कुठं ठाऊक होतं? पण तोंड मात्र मी उघडलं. ती गेल्यावर मंडळी म्हणाली, "हाडं चाटत होते, अन् घरी माझ्या भाजीत मीठ जास्त झालं म्हणून बोंबलत होते!"

त्या रसायनानं एकदा मला चांगलंच तोंडघशी पाडलं होतं, आणि एक माणूस फुकट खुनात जाणार होता. तेच आज सांगायचं आहे.

आधी माझ्या बापाबद्दल दोन शब्द, नाहीतर पुढचं कळायचं नाही. छप्पन साली नागपुरात दीक्षा घेऊन बाप गावी आला आणि मेलेली ढोरं ओढायचा दोर त्यानं चुलीत घातला. आमच्या साऱ्या वस्तीनं ते काम सोडलं. गावोगावी हेच झालं. पुढं मला या खात्यात नोकरी लागली आणि काम कळल्यावर बाप माझ्याकडे पाहतच राहिला. "काय रे, मी मेलेली ढोरं सोडली, अन् तू मेलेली माणसं धरली?"

मी म्हटलं, "बाबा, पेन्शन आहे."

"हाडालेबी पेन्शन आहे का आता?" म्हणाला आणि खो खो हसला. पण किती उन्हाळे खाल्लेलं हाड कसं दिसतं, जाळलं तर कसं वास मारतं, हे मला कोण्या पुस्तकाआधी बापानंच शिकवलं.

तर काटोलच्या रस्त्यावरचं एक गाव. नाव नको, ती माणसं अजून आहेत. गावाबाहेर माळावर मोठाल्या दगडांची वर्तुळं आहेत. आमच्याकडे अशी पुष्कळ ठिकाणी आहेत. वर्तुळाच्या मधोमध फार जुन्या काळच्या लोकांनी आपली माणसं पुरलेली असतात, सोबत लोखंडाची कुऱ्हाड, मडकी, असं काहीबाही. त्या हिवाळ्यात आमचा तंबू तिथं होता. साहेब आठ दिवसांसाठी नागपूरला गेले आणि जाताना बजावून गेले, "मेश्राम, सांगाडा उघडा पडला तर मी येईपर्यंत नुसता झाकून ठेवा."

सांगाडा उघडा पडला. गुडघ्यापर्यंत. आमचा खड्डा चौकोनी असतो, त्यामुळे गुडघ्याखालचे पाय खड्ड्याच्या भिंतीत मातीतच राहिले. बाकीचं हाड उन्हानं भुगा होऊ पाहत होतं. मी विचार केला, साहेब येतील तोवर काय उरेल? खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. साहेबांनी यावं आणि "वा मेश्राम!" म्हणावं, ही हौस होती. मी रसायनाचा डबा उघडला आणि डोक्यापासून मांड्यांपर्यंत दोन हात मारले. सांगाडा असा चमकायला लागला की नव्या पलंगाचं पॉलिश झक मारेल!

दुपारी गावातली माणसं पाहायला आली. त्यात हाडं बसवणारा एक म्हातारा होता. तो वाकून पाहता पाहता एकदम ताठ झाला. सांगाड्याचा डावा हात कोपराखाली कधीतरी मोडलेला आणि वाकडा जुळलेला होता.

"बाप्पा!" म्हातारा म्हणाला. "हा तं किसनाचा हात आहे. मीच बसवला होता, वाकडा बसला होता."

किसन म्हणजे गावातल्या वच्छलाबाईचा नवरा. सात वर्षांआधी पोळ्याच्या दिवशी तो दारू पिऊन आला, वच्छलाबाईला मारलं, म्हणून तिच्या धाकट्या भावानं, गुलाबनं, त्याला भर चौकात काठीनं झोडपलं. दुसऱ्या दिवसापासून किसन गायब. गावात कुजबूज सात वर्षं होतीच, की गुलाबनं मेहुण्याला मारून कुठंतरी पुरलं. आता ते 'कुठंतरी' सापडलं असं साऱ्यांनी ठरवून टाकलं.

तासाभरात ठाणेदार जीप घेऊन आले. मी म्हणालो, "साहेब, हे अडीच हजार वर्षांआधीचं आहे."

"साबित करून दाखवा ना भाऊ."

मी ऐटीत खड्ड्यात उतरलो आणि दंडाच्या हाडाला जीभ लावली. सटकली! दुसरीकडे लावली, तीही सटकली. रसायनानं सारी छिद्रं बुजली होती. मग एक कपची विस्तवावर धरली, तर तिला जळक्या प्लास्टिकचा असा वास सुटला की जमलेले लोक दोन पावलं मागं सरले.

मी म्हटलं, "दात पाहा, किती झिजले आहेत. भरड दाणे चावणाऱ्या जुन्या लोकांचे असे असतात."

ठाणेदार म्हणाले, "सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणाऱ्याचेबी झिजतात. अन् काय हो मेश्राम, एवढं जुनं आहे तं चमकून काहून राहिलं? हे तं काल पुरल्यावानी दिसते." आणि गुलाबला जीपमध्ये बसवलं. गुलाब निमूटपणे बसला.

मला तिथंच मातीत तोंड खुपसावंसं वाटलं. साहेबांचा एक साधा हुकूम पाळला असता तर जीभ लावताक्षणी निकाल लागला असता. माझ्या हौसेपायी एक माणूस ठाण्यात चालला होता.

संध्याकाळी वच्छलाबाई तंबूवर आली. चाळिशीची बाई, काटक, बोलायला सडेतोड. गावातल्या बाया तिच्या घरी जमल्या होत्या, बांगड्या फोडायच्या म्हणून. तिनं त्यांना हाकलून लावलं होतं.

मी म्हणालो, "बाई, तुमचा नवरा नाही तो. मी खात्रीनं सांगतो."

"नवऱ्याचं काय व्हायचं ते होईन, बाबू," ती म्हणाली. "मले माह्या भावाचं पाहिजे. त्यानं केलं का नाही केलं, तेवढं मले सांगा. खरं सांगा. केलं असन तं केलं म्हणा." आणि पदरानं तोंड पुसून तशीच वळून गेली.

मी विचार करत बसलो. वरचं सगळं हाड माझ्या हातानं बाद झालं होतं. आणि मग एकदम उजेड पडला: पाय! गुडघ्याखालचे पाय अजून भिंतीत आहेत. त्यांना ना माझा ब्रश लागला, ना रसायन. पण नुसते पाय दाखवून ठाणेदार ऐकणाऱ्यातले नव्हते. सात वर्षं याच मातीत पुरलेलं हाड शेजारी ठेवलं, तर आंधळ्यालाही फरक कळेल. आता असं हाड आणायचं कुठून?

सकाळी मी ठाणेदारांना निरोप धाडून बोलावून घेतलं आणि साऱ्या गावासमोर विचारलं, "सात वर्षांआधी मेलेलं जनावर कोणी पुरलं आहे काय?"

छप्पनच्या आधी विचारलं असतं तर कोणी हो म्हटलं नसतं. तेव्हा ढोर मेलं की आमचे लोक ओढून न्यायचे, हाडं गिरणीला जायची, मातीत काही राहायचं नाही. आमच्या लोकांनी दोर टाकला म्हणून शेतकऱ्यांना आपापली ढोरं पुरावी लागली. वच्छलाबाई पुढं झाली. "माहा सर्जा त्याच पोळ्याच्या आठ दिसानं गेला. बांधाजवळ पुरला आहे."

पाटील मला म्हणाले, "मंग मेश्राम, घ्या पावडं. काढा."

माझं डोकंच सणकलं. म्हणालो, "पाटीलसाहेब, माणसाचं हाड ही माझी नोकरी आहे. ढोराचं हाड काढणं आमच्या घरात बंद झालं. बैल तुमच्या गावचा, पावडं तुमचं."

ठाणेदार मिशीतल्या मिशीत हसले. वच्छलाबाईनं पदर खोचला, पावडं घेतलं आणि स्वतः बांधाजवळ खणायला लागली. घामाघूम झाली, पण कोणाला हात लावू दिला नाही. सर्जाच्या पायाचं हाड काढून आणून तिनं माझ्यासमोर ठेवलं.

मग मी खड्ड्यात उतरलो. ठाणेदारांनी गुलाबलाही जीपमधून आणून खड्ड्याच्या काठावर बसवलं होतं. साऱ्यांच्या डोळ्यांदेखत मी भिंतीची माती काढली आणि पावलाचं एक हाड मोकळं केलं. पाणी नाही, ब्रश नाही, काही नाही.

विस्तव तयारच होता. आधी बैलाचा तुकडा टाकला. अशी घाण सुटली, जसं कोणी न्हाव्याच्या दुकानातला कचरा पेटवला! बायांनी नाकाला पदर लावले. तो बाजूला काढला, धूर जाऊ दिला, आणि पावलाच्या हाडाचा तुकडा टाकला. आम्ही थांबलो. ठाणेदार वाकले, नाक जवळ नेलं, अजून जवळ नेलं. वासच नाही. तुकडा नुसता तापला आणि आणखी पांढरा झाला.

"आता जीभ," मी म्हणालो. बैलाच्या हाडाला लावली, सुटली. पावलाच्या हाडाला लावली, चिकटली. हात सोडून दाखवला, हाड जिभेला लोंबकळत राहिलं. पोरं टाळ्या पिटायला लागली.

पाटील म्हणाले, "हे मेश्राम सरकारचे मानूस. जीभबी सरकारीच. दुसऱ्या कोनी लावून दाखवा."

कोण लावणार? मेलेल्याचं हाड! ठाणेदार म्हणाले, "मी वर्दीत आहे." म्हातारा म्हणाला, मला दात नाहीत, जसं काही ते चावायचंच होतं.

"द्या इकडे," वच्छलाबाई म्हणाली.

"वच्छले! काय करून राहिली वं?" एक बाई ओरडली. "किसनाचं असन तं?"

"किसनाचं असन तं सुटन," ती म्हणाली. तिनं आधी सर्जाचं हाड उचललं, जीभ लावली, सुटलं. मग पावलाचं उचललं. डोळे मिटून तिनं ते जिभेला लावलं आणि बोटं सोडली. हाड पडलं नाही.

हाड तोंडाला तसंच, आणि बाई रडायला लागली. मीच पुढं होऊन ते सोडवून घेतलं. ठाणेदारांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि तिथंच मांडी घालून पंचनामा लिहिला. रीत म्हणून एक तुकडा नागपूरला डॉक्टरांकडे गेला, आणि त्यांनीही पुढं लिहून दिलं की फार जुनं आहे. पण गुलाबला त्या सकाळीच सोडलं. साहेबांनी परत आल्यावर मला जे झापलं ते इथं छापण्यासारखं नाही, आणि मी मान खाली घालून ऐकलं, कारण त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

किसनही सापडला बरं का, पुढच्या वर्षी. उमरेडकडे कोळशाच्या खाणीवर कामाला होता, दुसरं घर मांडून मजेत होता. गावात कोणी त्याला आणायला गेलं नाही. वच्छलाबाई तर म्हणाली, आहे तिथंच बरा आहे.

पण त्या सकाळचं मला राहून राहून आठवतं ते वेगळंच. जीप निघून गेली, लोक पांगले. गुलाब खड्ड्याच्या काठावर तसाच बसला होता. वच्छलाबाई त्याच्याजवळ जाऊन बसली. मी खाली खड्ड्यात सांगाड्याचे पाय झाकत होतो, मला सारं ऐकू येत होतं.

मग त्याच्या पाठीत एक जोराचा धपाटा घालून म्हणाली, "सात वर्षं झाले गा. सात वर्षं तुह्या कमाईचं खाल्लं मी, अन् मनात तेच. एक डाव म्हटलं असतं, ताई, मी नाही केलं, तं काय बिघडत होतं? काहून नाही बोलला?"

गुलाब मातीत बोटानं रेघा ओढत होता.

"गावाले कायले सांगू?" तो म्हणाला. "तू एक डाव इचारशीन, म्हून वाट पाहून राहिलो होतो."